धक्क्यावरची बुटांची रांग

मंडळी, आज नाताळ. माझी मुलगी आणि जावई दोन वर्षांपासून ग्रीसच्या एका बंदरात शिडाच्या बोटीवर राहतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

नाशिकला आमच्या वरचा फ्लॅट रिकामा झाला आहे. मालकांना आज उत्तर द्यायचं होतं. म्हणून "आता पुरे, परत या" असं ठणकावून सांगायला संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला.

पाहते तर बोटीशेजारी धक्क्यावर बुटांची रांग.

"कोण आलंय गं?"

"शेजारच्या बोटींवरची माणसं. नाताळचं जेवण आपल्याकडे आहे. बुटांनी डेकवर ओरखडे पडतात, म्हणून सगळे खालीच काढतात."

एक गोऱ्या आजी भांडं घेऊन खाली थांबल्या होत्या. 'या' म्हटल्याशिवाय कुणाच्या बोटीवर चढायचं नाही, अशी तिथली रीत.

जावई मागून ओरडले, "आई, तुम्हीही चपला काढूनच बोला हं!"

मुलीच्या हातात मसालेभाताचं पातेलं. "आई, घरी पाहुणे आहेत, वाढायचंय. काही महत्त्वाचं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. फोन ठेवला आणि मालकांना कळवलं, फ्लॅट दुसऱ्या कोणाला द्या.

बोट मला अजूनही पटत नाही. पण 'घरी पाहुणे आहेत' म्हणणाऱ्या मुलीला 'घरी ये' कसं म्हणायचं? तुम्ही काय केलं असतं?