मामाजींच्या पोथीतले ऱ्हस्व-दीर्घ

मी मंत्रांना हात लावला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी अकोल्याच्या मांडवात जो भेटेल त्याला मी हेच सांगत होतो आणि एकानंही ऐकून घेतलं नाही. मी फक्त पोथीच्या समासातल्या सूचना शुद्ध केल्या होत्या. समासातल्या! ज्या देवाच्या कानावर जायच्या नसतात आणि ज्यांच्यावाचून कुणाचं लग्न अडत नाही!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि मी अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे पोरांच्या वेलांट्या दुरुस्त करत होतो. हा रोग मला इतका जडला होता की लग्नानंतर सासऱ्यांचं पहिलं पत्र आलं, ते मी तांबड्या शाईनं तपासून परत पाठवलं. (त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं असं मंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली. कौतुकानं की धास्तीनं, ते तिनं सांगितलं नाही.)

माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणे, अकोल्यात भिक्षुकी करत. त्यांची लग्नाची पोथी आजोबांपासून चालत आलेली, हातानं लिहिलेली, सुट्या पानांची. मंत्र बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरात. आणि समासात मामाजींनी स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना मोडीत: पाणी कुठं सोडायचं, अक्षता कुठं टाकायच्या, कोणत्या घरी काय सांभाळायचं.

दिवाळसणाला गेलो होतो. दुपारी घर घोरत होतं आणि मला करमत नव्हतं. पोथी दिसली, उघडली, आणि अंगावर काटा आला. मोडीला ऱ्हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नसतं, हे मला ठाऊक होतं. पण इतकं? एका पवित्र ग्रंथात? मी खळ मागवली, कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या कापल्या, एकेक सूचना झाकली आणि तिच्यावर लग्नात मिळालेल्या फाउंटन पेनानं, काळ्याभोर शाईत, शुद्ध बाळबोध मराठीत ती पुन्हा लिहिली. अक्षर असं जुळवलं की मंत्र कुठं संपतो आणि सूचना कुठं सुरू होते ते ओळखू येऊ नये. (याचा मला अभिमान होता!)

"काय करून राहिले तुमी?" मंदानं विचारलं.

"शुद्धलेखन."

"बाबाले विचारलं काय?"

"चांगल्या कामाला विचारायचं कशाला?"

"मंत्राले तर हात नाही लावला ना?"

"छे! फक्त सूचना."

"मग करा बापा," म्हणत ती चकल्या तळायला गेली. एवढ्या बाबतीत ती माझी साथीदार आहे, पण हे तिनं कधीच मान्य केलेलं नाही.

मामाजींनी संध्याकाळी पोथी लांब धरून पाहिली. "वा जवाईबापू! पान कसं झकास दिसून राहिलं!" म्हणाले आणि लाल फडक्यात बांधून ठेवली. जावयाचं काम, ते तपासून कोण पाहणार?

मामाजींची काम करायची रीत मात्र मला नंतर कळली. लग्न लावताना त्यांचं डोकं स्वयंपाकघरातल्या बुंदीकडे असे. बाळबोध दिसलं की त्यांचं तोंड चाले आणि मोडी दिसली की हात चाले. मध्ये विचार वगैरे काही नसे.

मार्गशीर्षात वकीलसाहेबांच्या धाकटीचं लग्न निघालं. मामाजींच्या यजमानांत हे सगळ्यात मोठं घर. ते सुटलं की बाकीचीही सुटणार, हे गावाला माहीत होतं. नवरा मुलगा मोर्शीचा. मुलाकडच्यांनी आपला भटजी बरोबर आणलेला आणि त्या भटजीचा भाचा अकोल्यातच नवी भिक्षुकी मांडून बसलेला. तेव्हा हे गृहस्थ मामाजींच्या समोर पाटावर बसले ते चूक शोधायलाच. मी पहिल्या रांगेत होतो. जावई ना!

अक्षता पडल्या, कन्यादान सुरू झालं. वकीलसाहेब सकाळपासून उपाशी. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. मामाजी म्हणतील ते मागून म्हणायचं, एवढीच शुद्ध त्यांना उरली होती.

"कन्यादानं करिष्ये," मामाजी म्हणाले.

"करिष्ये," वकीलसाहेब म्हणाले.

"येथे यजमानांची मान पडते," मामाजी त्याच सुरात.

"येथे यजमानांची मान पडते."

"कोपराने हळूच ढोसावे."

"कोपराने हळूच ढोसावे."

आधी क्षणभर मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. काय शुद्ध वाक्य! मग ध्यानात आलं, ही तर माझीच पट्टी! मी दोन्ही हात वर करून थांबा, थांबा अशी खूण केली. मामाजींना वाटलं, मागं ऐकू येत नाही. त्यांनी आवाज वाढवला!

"वधूमाता येथे रडतात! वाट पाहू नये! पुढे जावे!"

वकीलीणबाईंनी नुकताच डोळ्याला पदर लावला होता, तो तिथंच थांबला. वकीलसाहेबांनी तेही भक्तिभावानं म्हटलं.

"मुलाकडील भटजी मध्ये बोलल्यास आवाज चढवावा!"

"ओ भटजी!" मोर्शीकर भटजी ताडकन उठले. "हे कोणत्या सूत्रातलं होय?"

आणि मामाजींनी, सूचनेबरहुकूम, आवाज चढवला.

मांडव फुटला! मुंडावळ्यांआडून नवरदेव हसला, नवरी हसली, चौघडेवाल्याच्या हातातली टिपरी पडली. तेवढ्या गलक्यानं वकीलसाहेब जागे झाले.

"भटजी, मी आता काय म्हटलं?"

मामाजींनी पान डोळ्यांजवळ नेलं. माझ्या पट्टीवर नख फिरवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण जावयावर रागवायचं कसं? ते नुसतं म्हणाले, "जवाईबापूंनी शुद्ध करून देल्ली."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. "मी मंत्रांना हात..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. या माणसाचं आयुष्यभराचं नाव मी चार पैशांच्या खळीनं चिकटवून टाकलं होतं. मला इतकी लाज वाटली की पाटाखाली जागा असती तर मी शिरलो असतो.

"असा भटजी ठेवता काय तुमी घरात?" मोर्शीकरांनी वकीलसाहेबांना विचारलं.

वकीलसाहेब बायकोकडे वळले. "काहो, माही मान पडते का नाही?"

"पडते! थोरलीच्या लग्नात तर घोरले होते तुमी!"

"मंग पोथीत खोटं काय लिवलं? भटजी, चालू द्या. आमच्या घरी तुमीच. फक्त आमच्याबद्दल जे असंन ते मनात वाचत जा."

मामाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पोथी मिटली, घसा खाकरला आणि पाठ होतं तेवढ्यावर कन्यादान खणखणीत पार पाडलं. शेवटी, सूर तोच ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जवाईबापूले मांडवाबाहेर बसवावे."

"जवाईबापूले मांडवाबाहेर बसवावे," वकीलसाहेब हात जोडून म्हणाले. मोर्शीकरांनीही म्हटलं. दोन्ही भटजींचं त्या लग्नात तेवढ्यावरच एकमत झालं.

मी बाहेर जाऊन बसलो. मंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं आधी आजूबाजूला नीट पाहिलं. "इथं तर कुठं काही लिवलेलं नाही ना?" म्हणाली आणि तांब्या ठेवून आत गेली.

लिहिलेलं काही नव्हतं. समोर फक्त चपलांचा ढिगारा होता. उलट्या, सुलट्या, एकीवर एक. रिकामं बसण्यापेक्षा आपल्या हातून काहीतरी चांगलं घडावं, असं मला मनापासून वाटलं. मी पुरुषांच्या वेगळ्या केल्या, बायकांच्या वेगळ्या केल्या आणि लहान ते मोठी अशा सुंदर रांगा लावल्या.

पंगती उठल्या. मोर्शीची मोटार दारात भोंगा वाजवत होती. माणसं बाहेर आली आणि ज्यानं जिथं काढली होती तिथं जाऊन चप्पल शोधू लागली. कुणी वाकलं, कुणी कुणाच्या अंगावर पडलं, मोर्शीकर भटजी एका पायावर उभे राहून ओरडू लागले.

"आता काय झालं, मंदे?" आतून मामाजींचा घाबरा आवाज आला.

"काही नाही बाबा," मंदा म्हणाली. "यांनी चपला शुद्ध केल्या."