निर्दोष शब्दावर अडलेला अंगठा

गंजाडला शाळेत मराठी शिकवायची तेव्हाची मी. वय पंचेचाळीस, केसांना मेंदी, आणि आपल्यासारखं पत्र तालुक्यात कुणाला जमत नाही हा समज. ती बाई आज भेटली तर मी तिला पट्टीने झोडपीन.

पाड्यावरची एक म्हातारी आई अर्ज लिहून घ्यायला आली. तिच्या मुलाने शेताच्या वादात शेजारच्या बाप-लेकाला कोयत्याने ठार मारलं होतं. फाशीला चार दिवस उरले होते. त्याच्या वकीलबाईंचा निरोप होता, दयेचा अर्ज आज पाचच्या आत दिल्लीला फॅक्स करा, उद्या कोर्टात स्थगिती मागते.

‘असल्यांना लटकवायलाच हवं,’ असं मी त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये ठणकावलं होतं. तरी हो म्हटलं. दया कसली, अक्षराचा गर्व!

तलासरीच्या फॅक्सच्या दुकानात मी लिहिलेली तीन पानं वाचून दाखवली. ‘निर्दोष कोकरू’, ‘मातेच्या अश्रूंचा सागर’. माझेच डोळे भरून आले. म्हातारीने शाई लावलेला अंगठा मागे घेतला.

“बाई, हे कोणाच्या पोराचं लिवलंस?”

“तुझ्याच.”

“माझ्या पोराने मारलं. सगळ्या पाड्याला ठाऊक. खोट्यावर अंगठा नाय देत मी.”

“अगं, जीव वाचवायचाय ना?”

“आणि दिल्लीवाला पाड्यावर विचारायला आला म्हणजे?”

सव्वाचार झाले होते. ती तरातरा बाहेर गेली आणि बाजारात भाजी विकत बसलेल्या बाईला हाताला धरून घेऊन आली. मेलेल्या बापाची बायको, मेलेल्या लेकाची आई! पाड्यावर तंटा मिटवायला दोन्ही घरं समोरासमोर बसतात, ती रीत हिने दुकानात आणली. मला वाटलं, आता मारामारी होणार.

“लिव,” ती विधवा म्हणाली. “त्याने मारलं. पण त्याला मारू नका. तो मेला तर मी राग कोणावर काढू?”

चार ओळी, दोन अंगठे. कागद मशीनमध्ये दोनदा अडकला. पाचला दहा मिनिटं असताना गेला.

पुढचे तीन दिवस ‘लटकवा’वाली मी ओटीवर येरझारा घालत होते.  फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. मुलांच्या वह्यांवर बरोबर उत्तरांनाही फुल्या मारल्या.

स्थगिती मिळाली. मी भाषण तयार करून पाड्यावर धावले. त्या दोघी अंगणात वाल सोलत होत्या. बातमी ऐकून आईने पदराला हात पुसले.

विधवेने मला विचारलं, “तुरुंगाकडे कुठली गाडी जाते? मला त्याला शिव्या घालायच्यात.”

“थांब,” आई म्हणाली, “मी पण येते.”