सरांची सणकाड्यांची भिंत

आमच्या सरांना भिंत दिसली की ते तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करत, कान लावत आणि मग निकाल देत. भिंत कुणाची, प्रसंग कोणता, असल्या क्षुल्लक गोष्टी ते पाहत नसत. एकदा ते माझ्या वर्गमित्राच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला आले. यजमान केशरीभाताची बशी घेऊन समोर उभे, आणि सर त्यांच्या दिवाणखान्यातली भिंत ठोकत म्हणाले, "हिच्यात वाळू आहे, पाणी आहे, देवाची कृपा आहे. सिमेंट तेवढं दिसत नाही." मग बशी घेतली आणि केशरीभातालाही निकाल दिला, "तूप स्वल्प कमी आहे."

मी मिरजेहून बंगळूरला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला आले तेव्हा साठ जणांच्या वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. सर काँक्रीट शिकवत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलं होतं की कुठलं कुठं संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांनी माझं नाव कायमचं रद्द केलं. "ए मिरज, स्वल्प इकडे ये." मिरज गेली. पुढची दहा वर्षं जातच राहिली.

शिकवत असताना सर सिमेंटचे असे भक्त होते की फळ्यावर त्याचं सूत्र लिहिण्याआधी हात धुऊन येत. तोंडी परीक्षेत एका मुलानं चुन्याची थोडी स्तुती केली, तर त्याला त्यांनी नापास केलं. मग ते निवृत्त झाले, आणि फ्रान्समध्ये राहणाऱ्या त्यांच्या एका जुन्या मित्राचं पत्र आलं. सोबत फोटो होते. तिकडे कुणी भांगेच्या झाडाच्या दांड्यांचे तुकडे चुन्यात कालवून त्याच्या भिंती उभ्या करत होतं. सरांनी ते पत्र सात वेळा वाचलं आणि आठव्या वाचनात सिमेंट हे विष ठरलं. चाळीस वर्षांची भक्ती चहा गार व्हायच्या आत संपली. त्या नापास मुलाला शोधत ते कोरमंगलातल्या त्याच्या कचेरीत गेले आणि बाहेर बसलेल्या लोकांसमोर म्हणाले, "तू पास आहेस." तो बिचारा तोवर सिमेंटचा विक्रेता झाला होता.

भांगेचं झाड इथं मिळणं अवघड आणि मिळालं तर पोलीसही सोबत मिळतील, हे त्यांना अक्कांनी समजावलं. अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. तेव्हा सरांनी ताग धरला. तागाचं सूत काढून घेतल्यावर ज्या पांढऱ्या, हलक्या सणकाड्या उरतात त्या तोडून चुन्यात घालायच्या. पण तोवर कॉलेजभर बातमी पसरली होती की सर गांजाची भिंत बांधणार आहेत. बंगळूरहून होसकोट्याला जाणाऱ्या बसमध्ये एका जुन्या विद्यार्थ्यानं तेच विचारलं, तर सर उभे राहून ओरडले, "गांजा नव्हे! ताग! ताग!" सगळी बस वळून बघायला लागली, आणि तिकडे फक्त पहिला शब्द पोचला होता.

"भिंत श्वास घेते," हे त्यांचं त्या काळातलं ब्रीद. ते ऐकवल्याशिवाय कुणाला घराबाहेर सोडत नसत. अक्का एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग तिला आधी नाक आणा. आणि ते दुसऱ्याच्या घरी आणा." कारण सर स्वतः राहत होते ते कोरमंगलातल्या पक्क्या सिमेंटच्या घरात. ते त्यांनी तरुणपणी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. भिंत अशी की खिळा वाकायचा, जमीन अशी की मोझॅइकमध्ये चेहरा दिसायचा. त्या घरातल्या आरामखुर्चीत बसून ते सिमेंटच्या घरात माणूस कसा गुदमरतो ते आम्हाला सांगत. आम्ही माना डोलवत होतो. अक्कांची कॉफी फार चांगली असे.

ही श्वास घेणारी भिंत बांधून घ्यायला मात्र कुणी तयार होईना. बांधकामाच्या धंद्यातले त्यांचे जुने विद्यार्थी "विचार करून सांगतो सार" म्हणत आणि रस्त्यात दिसले तर गल्ली बदलत. अशा वेळी मुन्यप्पा आला.

मुन्यप्पा कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडर होता. काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, पाण्यात ठेवायचे, अठ्ठावीस दिवसांनी यंत्राखाली घालून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते सांगायचं, हे त्याचं काम. सर सांगत ते पुस्तकातलं काँक्रीट. मुन्यप्पाला खरं काँक्रीट माहीत होतं. बायको गेलेली, लक्ष्मी ही एकच मुलगी, ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. होसकोट्याजवळ त्यानं एक लहानशी साइट, म्हणजे घरापुरती जागा, घेतली होती. लक्ष्मीचं लग्न ठरवायचं होतं, त्याआधी दोन खोल्यांचं घर हवं होतं. केळीचा घड घेऊन तो सरांकडे नकाशा काढून मागायला आला.

सरांनी केळं सोलत त्याला फ्रान्सपासून सुरुवात केली. तासाभरानं विचारलं, "मग? करू या ना?"

मुन्यप्पा दाराशी उभा होता. सर बस म्हणाले असते तर बसला असता. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

"सरी सार," तो म्हणाला.

बावीस वर्षं त्यानं सरांना या 'बरं सर'शिवाय दुसरं काही म्हटलंच नव्हतं. सरांनी त्याचा अर्थ 'पटलं' असा घेतला. खोलीत मीही होते. मलाही तो तसाच घेणं सोयीचं होतं, कारण मला ती भिंत कशी होते ते बघायचं होतं.

मग आमचे रविवार होसकोट्याला जायला लागले. निलगिरीच्या खांबांचा सांगाडा उभा केला, वर मंगळुरी कौलं चढवली. कडबा कापायच्या यंत्रात सणकाड्या कापल्या. चुना, विटांची भुकटी आणि पाणी यांत त्या कालवायच्या, दोन फळ्यांच्या मधे भरायच्या आणि हलक्या हातानं दाबायच्या. "दाबायचं, चेपायचं नाही," सर सावलीत खुर्ची टाकून सांगत. आमचे हात चुन्यानं सोलवटले होते, आणि सर त्या हातांची तोंडी परीक्षा घेत होते. "चुना हवेतून काय घेतो? मिरज, तू सांग." मी सांगे. "बरोबर. दाब." आमच्या पूर्वजांनी चुन्यात गूळ घातला म्हणून सरांनीही घातला. दुसऱ्या रविवारी होसकोटे तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या त्या भिंतीवर हजर होत्या. "बघा," सर म्हणाले, "जिवंत भिंत आहे."

मुन्यप्पा मधूनच मूठभर माल उचलायचा, बोटांत चुरायचा आणि परत टाकायचा. एकदा मी विचारलं, "कसा आहे?" तो म्हणाला, "ठोकळा करून यंत्रात घातला, तर यंत्राला कळणारसुद्धा नाही." पण खांब भार घेतात, भिंतीला भार नाहीच, हे मी त्याला पुस्तकातून सांगितलं. तो "सरी" म्हणाला.

या भिंतीला वाळायला उन्हाचे बरेच आठवडे लागतात. सरांनी ती पावसाच्या तोंडावर भरली. मी भीत भीत तसं म्हटलं, तर म्हणाले, "फ्रान्समध्ये पाऊस पडत नाही का?" त्या वर्षी पाऊस जूनमध्ये आला आणि दसऱ्यापर्यंत मुक्कामाला राहिला. भिंती ओल्या राहिल्या, हिरव्या झाल्या, आणि पायाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. सरांनी छत्र्यांचीही जात ओळखली.

आणि त्याच दिवसांत लक्ष्मीला बघून पसंत करून गेलेली मालूरची मंडळी घर बघायला आली. मुन्यप्पानं मला आणि सरांना मुद्दाम बोलावलं होतं, सरांमुळे वजन पडेल म्हणून. मुलाच्या काकांनी आत शिरताच भिंतीला अंगठा लावला. अंगठा आत गेला. त्यांनी तो काढून वास घेतला.

"हे घर आहे की म्हशीचा गोठा?"

"त्याचं असं आहे," म्हणत सरांनी फ्रान्सपासून सुरुवात केली. काकांनी शांतपणे ऐकलं, शेवटी इकडे मास्तरांना हाक मारतात तसं विचारलं, "मेष्ट्रे, तुम्ही स्वतः असल्या घरात राहता का?" पाहुणे पानाला न बसता गेले. आत लक्ष्मीनं चित्रान्नाचं पातेलं झाकून ठेवल्याचा आवाज आला.

सर मुन्यप्पाला म्हणाले, "अडाणी लोक आहेत. समजावून सांगू."

मुन्यप्पानं वर पाहिलं. "सार, बावीस वर्षं मी तुमचे ठोकळे फोडले. रोज. माझ्या घरात ठोकळाभर सिमेंट नको होतं का?"

तो चिडला नव्हता. खरंच विचारत होता. सर छत्री उघडायला लागले, ती उघडेना, मग तशीच काखेत मारून पावसात चालत बस थांब्याकडे निघाले.  

घरी आल्यावर अक्कांना सगळं मी सांगितलं, कारण सर सांगणार नव्हते. अक्कांनी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन सरांसमोर उभ्या राहिल्या.

"उद्या मालूरला जा. चूक कुणाची ते त्यांना सांगा. लग्न या घरातून होईल. लक्ष्मी तोवर इथं राहील, मुन्यप्पा भिंती वाळेपर्यंत."

"आणि ते घर?"

"तिथं तुम्ही राहा. भिंत श्वास घेते ना? मग घ्या दोघं मिळून."

मालूरला सरांबरोबर मला पाठवलं, सर वाटेतून पळू नयेत म्हणून असावं. काकांनी आम्हाला बराच वेळ ओट्यावर बसवून ठेवलं. मग शेजारचे चार लोक जमवले आणि म्हणाले, "बोला मेष्ट्रे." सर उभे राहिले. म्हणाले, "ती भिंत माझी हौस आहे. मुन्यप्पाला पक्कं घर हवं होतं. मला 'नाही' म्हणणं त्याला जमलं नाही, आणि मी त्याला विचारलं नाही." काका म्हणाले, "मागच्यांना ऐकू आलं नाही." सरांनी तेच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, वर्गात म्हणत तसं. मी जमिनीकडे बघत होते. हे शिकवणं मला कुठल्या परीक्षेत विचारलं जाणार नव्हतं, तरी तेवढंच नीट लक्षात राहिलं.

लग्न कोरमंगलातून झालं. लक्ष्मीची मेंदी मोझॅइकवर सांडली, तो डाग अक्कांनी कधी घासला नाही. आणि सर एक ट्रंक, एक स्टो आणि एक थर्मामीटर घेऊन होसकोट्याला राहायला गेले. कार्तिकात खोकले, मार्गशीर्षात जास्त खोकले. अक्का दर आठवड्याला माझ्याबरोबर चटणीपूड आणि काढा पाठवत. निरोप पाठवत नसत.

फेब्रुवारीत भिंत वाळली. मार्चमध्ये कडक झाली. एप्रिलमध्ये बाहेर रस्ता भाजत असताना त्या खोलीत माठातल्यासारखा गारवा होता. झालं! सरांचा खोकला एका दिवसात पळाला. त्यांनी थर्मामीटरच्या नोंदींची वही केली, गल्ली बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना पत्रं धाडली, आणि आलेल्या प्रत्येकाला भिंतीला गाल लावायला लावला. मालूरहून मला वाटलं होतं की सर बदलले. ते सहा-सात महिने बदलले होते.

घर मुन्यप्पाच्या ताब्यात द्यायचा दिवस आला. त्यानं सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, बराच वेळ. "गार आहे सार," तो म्हणाला. सर फुलले. "आता बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू या."

या भिंतीवर सिमेंट मारलं की आतली ओल आत कोंडते आणि भिंत कुजायला लागते. सरांनी तोंड उघडलं. फ्रान्स ओठांपर्यंत आलेला मला दिसला. मग त्यांनी तो गिळला.

"ओल कोंडेल, मुन्यप्पा. गिलावा टिकणार नाही. एवढंच सांगतो. घर तुझं आहे, तू ठरव." आणि मग, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाले, "बस ना. बसून विचार कर."

मुन्यप्पा बसला. विचार करून म्हणाला, "फक्त पुढच्या भिंतीला सार. रस्त्यावरून दिसते तेवढीच."

गिलाव्याचा माल सरांनी स्वतः कालवला, धोतर खोचून, गवंड्याला बाजूला सारून. मुन्यप्पानं पुढच्या भिंतीला पिवळा रंग दिला आणि तिच्यासमोर उभं राहून लक्ष्मी आणि जावयाबरोबर फोटो काढून घेतला.

सर गेले त्याच्या आदल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. कोरमंगलातच, त्यांच्या त्या गुदमरवणाऱ्या घरात. मी पाय दाबत बसले होते तेव्हा मुन्यप्पा आला. दोन पावसाळे होऊन गेले होते. तो खुर्चीच्या कडेला बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग खाली बघत म्हणाला, "सार, पुढचा गिलावा पडला. फुगून मोठा पापुद्रा आला आणि सगळाच पडला."

मला वाटलं, आता सरांना उठवून बसवावं लागणार. हा निकाल त्यांच्या बाजूचा होता, आणि सरांनी असला निकाल आजवर कुणाला ऐकवल्याशिवाय सोडला नव्हता. त्यांनी छताकडे बघितलं.

"वाळू," ते म्हणाले. "वाळूत माती होती रे. माल मी कालवला, मी बघायला हवं होतं. माझं चुकलं. भिंतीचा दोष नाही, तुझाही नाही."

मुन्यप्पाचा चेहरा सैल झाला. "असंच म्हणत होतो मी सार. वाळू स्वल्प खराबच होती."

ती वाळू मी धुतली होती. तीन पाण्यांनी, हातानं, शेवटचं पाणी नितळ येईपर्यंत. सरांनी तेव्हा मूठभर उचलून उन्हात धरली होती आणि म्हणाले होते, अशी स्वच्छ वाळू बंगळुरात मी पाहिली नाही.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी पाय दाबत राहिले.