यादीतून गळालेलं वावर

शेतीची पदवी घेऊन मी कॉम्प्युटर शिकायला एमसीएला प्रवेश घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते मामाला. जिंतूरला त्याला खत-बियाण्याचं दुकान टाकायचं होतं आणि परवान्याला शेतीची पदवी लागते. पदवी भिंतीवर, मी खुर्चीवर, असा त्याचा बेत. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मधला तोडगा काढला. "पयल्या परीक्षेत पास झालीस तर पुढं शीक. न्हाईतर गुमान मामाच्या दुकानात बसायचं."

परभणीला वर्गातली पोरं बीसीए करून आलेली, माझ्याहून लहान. मला 'कृषी अधिकारी मॅडम' म्हणायची. माझा प्रोग्राम अडकला की मागून आवाज यायचा, "मॅडम, फवारणी करून बघा!" हसायचे मेले, पण मला सोडून चहाला जायचे नाहीत.

खरी गोची एकाच गोष्टीची होती. कॉम्प्युटर यादी शून्यापासून मोजतो. पहिल्याचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक. अरे बाबा, पहिल्याला एक म्हणायला काय धाड भरली? माझा हात आपला एकापासूनच सुरू करायचा आणि यादीतलं पहिलं नाव दरवेळी गळायचं.

दिवाळीला घरी, पेडगावला गेले ती लॅपटॉप मिरवत. शिवारातल्या वावरांची यादी दाखवणारा प्रोग्राम केला होता, त्यात पहिलं आमचंच टाकलेलं. अप्पांनी चष्मा लावून वरखाली पाहिलं.

"आपलं वावर कुठाय?"

नव्हतंच! यादी थेट शेजाऱ्यापासून सुरू.

"पोरगी शिकायलीय का वावर इकायलीय?"

आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला मात्र रडूच आलं. मामाची ती खुर्ची डोळ्यांपुढं दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बियाण्याचं सोयाबीन मोजायला बसले. घरात वजनकाटा आहे, पण बियाणं ते अजून पायलीनंच मोजतात. पहिली पायली पोत्यात ओतताना म्हणाले, "लाभ." मग दोन, तीन, चार. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे मी जन्मापासून ऐकत आलेय. पहिल्याला एक न म्हणता आमची मोजणी कधी चुकली नाही! मग शून्य म्हणायला माझं काय जात होतं? तशीच उठले आणि लॅपटॉप उघडला. तेव्हापासून शून्य दिसलं की मी मनात लाभ म्हणायची.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर लय कडक.

"यादीतला पहिला घटक कितव्या नंबरावर?"

"लाभ!" मी ठणकावून सांगितलं.

मागं पोरं माना खाली घालून खुसखुसायला लागली. गेली परीक्षा, बसा आता खत विकत! सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आणि शेवटचा?"

"एकूण जितके, त्यातून एक वजा, सर."

"गाव कोणतं तुमचं?"

"पेडगाव."

"तरीच लाभ," म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पास झाले. फोनवर सांगितलं नाही, घरी जाऊन अप्पांपुढं प्रोग्रामच चालवला. आमचं वावर सगळ्यात वर. अप्पांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती वाचली. मग मोबाइल उचलून मामाला लावला.

"पाव्हणं, खुर्चीवर दुसरं कुणीतरी बघा. आमची पोरगी रिकामी न्हाई."