मोहर परत करणारा पंच

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि निकाल लागल्यापासून लोक मला ती विसरूही देत नाहीत. सकाळी फिरायला निघालो की कोणी ना कोणी अडवतो. "सर, वो छूट गया?" हो, सुटला. टीव्हीवर रोज संध्याकाळी त्यावर भांडणं चालतात. मलाही बोलावणं आलं होतं, मी गेलो नाही. मला जे सांगायचं आहे ते आरडाओरड्यात सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहितो आहे. खटला आता अपिलात आहे, तेव्हा नाव कोणाचंच घेणार नाही.

मारली गेलेली मुलगी मूळची सांगलीकडची. दिल्लीजवळच्या मानेसरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होती आणि दक्षिण दिल्लीत भाड्याने राहायची. आरोपी त्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा. दोघांचं लग्न जवळपास ठरलं होतं. तिने ते मोडलं आणि पुण्याला दुसरी नोकरी धरली. सामान बांधत असताना तिच्याच खोलीत, डोक्यावर जड वस्तूने घाव घालून तिला मारलं होतं. मी तेव्हा त्या भागाचा सहायक पोलीस आयुक्त होतो. मालकाचं नाव मोठं, त्यामुळे पहिल्याच दिवशी ठाण्याच्या फाटकाबाहेर कॅमेऱ्यांची रांग लागली आणि आमच्या हवालदारांना चहा प्यायला बाहेर जाणंही अवघड झालं.

मुलाचा जबाब चोख होता. त्या संध्याकाळी तो कारखान्यातच होता. त्याची गाडी आवारात उभी होती आणि फोनही तिथलाच टॉवर दाखवत होता. माझ्या अनुभवात खऱ्या माणसाचा जबाब थोडा अघळपघळ असतो. हा पाठ केल्यासारखा बोलत होता. पण तेवढ्यावर कोणाला अटक होत नाही.

मग ठाण्यात एका बाईचा फोन आला. ती त्या कारखान्यात पॅकिंगला होती. मानेसर ते दक्षिण दिल्ली कामगारांची ने-आण करणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते. कोणी सांगून ठरवलेली नसते, पण दुसऱ्याच्या जागेवर कोणी बसत नाही. ती म्हणाली, "साहब, उस शाम मेरी खिड़की वाली सीट पर कोई आदमी बैठा था. टोपी, मास्क. मैंने उठने को कहा तो उठा ही नहीं. जूते देखे मैंने, हमारे यहाँ का वर्कर वैसे जूते नहीं पहनता." त्यानंतर वाटेत बसचं चाक पंक्चर झालं होतं, हेही तिने सांगितलं. बारा महिने एसी गाडीतून फिरणाऱ्या मुलाला बसमधली ही रीत ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

चौकशीत मी आवाज चढवत नसे. मार खाल्लेला माणूस बोलतो, पण तुम्हाला जे ऐकायचं आहे तेच बोलतो. मी त्याला चहा दिला, कारखान्याबद्दल, क्रिकेटबद्दल बोलत राहिलो आणि मध्येच सहज विचारलं, "उस दिन बस इतनी लेट क्यों हो गई थी?"

"टायर बदल रहे थे," तो म्हणाला, आणि त्याचा कप तोंडाजवळच थांबला.

त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. कारखान्यातला लोखंडी पाना आणि रक्ताने भरलेला शर्ट त्याने आर. के. पुरमच्या एका बागेत, बंद पडलेल्या पंपघरामागे विटांखाली पुरला होता. आता, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. त्याने दाखवलेल्या जागेतून वस्तू निघाली तर तेवढीच टिकते. म्हणून आम्ही सकाळी त्याला घेऊन बागेत गेलो.

पंच मिळवणं हे दिल्लीत खून उघडकीस आणण्यापेक्षा कठीण काम आहे. बागेत माणसं भरपूर होती. आम्हाला पाहताच प्रत्येकाला ऑफिसला उशीर होऊ लागला. एक गृहस्थ मात्र दुधाची पिशवी हातात घेऊन उभे होते आणि फोनवर बायकोला सांगत होते, "अगं, पोलीस आलेत, बघतो काय चाललंय ते." मराठी कानावर पडलं तसा मी त्यांच्याकडे गेलो. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते.

"पंच व्हाल का? कोर्टात यावं लागेल."

"बिलकुल. कोणीतरी व्हायलाच पाहिजे ना," ते म्हणाले.

विटांखालून पाना आणि शर्ट निघाला. आम्ही त्यांचं पुडकं कापडात शिवलं, लाख लावली आणि त्यावर माझ्या तपास अधिकाऱ्याची पितळी मोहर उमटवली. मग ती मोहर पंचांच्या हातात दिली. पुडकं प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मोहर पोलिसांकडे राहू नये, ती बाहेरच्या माणसाकडे असावी, अशी पद्धत आहे. मोहर आमच्याकडे नसली की पुडकं उघडून पुन्हा बंद केलं असं कोणी म्हणू शकत नाही. मी त्यांना बजावलं, "आम्ही मागेपर्यंत नीट सांभाळा."

पान्यावरचं रक्त मुलीचं निघालं, शर्ट त्याचा निघाला. आरोपपत्र गेलं आणि यथावकाश मीही निवृत्त होऊन फरीदाबादला राहायला आलो. खटला रखडत चालला. बसमधली बाई कोर्टात उलटली. तिची नोकरी त्याच कारखान्यात होती, मी तिला दोष देत नाही. आता सगळा भार त्या पुडक्यावर होता.

पंचांच्या साक्षीच्या आदल्या दिवशी ते स्वतःच माझ्या घरी आले. पाण्याचा पेला तसाच खाली ठेवून म्हणाले,

"साहेब, ती मोहर मी दोन-चार दिवसांतच ठाण्यात परत देऊन आलो होतो."

"मी सांभाळा म्हटलं होतं ना?"

"हो. पण सरकारी शिक्का घरात, देवघराच्या खणात. मला झोप लागेना. आमच्या ऑफिसात शिक्का संध्याकाळी कुलपात गेला नाही तर मेमो मिळतो. मला वाटलं, ठाण्यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? तिथल्या कारकुनाने, मुन्शीने, ठेवूनही घेतली."

प्रयोगशाळेत गर्दी होती. पुडकं तेव्हा ठाण्याच्या मालखान्यातच, मुद्देमालाच्या खोलीत पडून होतं. म्हणजे पुडकं आणि मोहर एकाच छपराखाली. शिवलेलं कापड कोणी उघडलं नव्हतं, याची मला पक्की खात्री आहे. पण माझी खात्री हा पुरावा नव्हे.

"ठाण्यातून कोणाचा तरी फोन आला होता," ते पुढे म्हणाले. "म्हणाला, मोहर तुमच्याकडेच होती असं सांगा, कौन देखने आया है. आता तुम्ही सांगा, मी काय बोलू?"

मला त्या मुलीची आई आठवली. ती सांगलीला नर्स होती. प्रत्येक तारखेला रजा काढून यायची आणि मागच्या बाकावर बसायची. हा माणूस उद्या खरं बोलला तर तिच्या मुलीचा खुनी घरी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. मोहर बाहेरच्या माणसाकडे द्यायची ती पोलिसांच्या नुसत्या शब्दावर कोणाला विसंबावं लागू नये म्हणून. त्याच माणसाला पोलिसांसाठी खोटं बोलायला लावायचं, तर मग ती पद्धत कशाला हवी?

"जे घडलं तेच सांगा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बचावाच्या वकिलाने विचारलं आणि त्यांनी सांगितलं. पुढे निकाल लागला, आरोपी सुटला. खून त्यानेच केला, असं मी आजही म्हणतो. समोर आलेल्या पुराव्यावर न्यायाधीशांनी त्याला सोडलं ते योग्य केलं, असंही म्हणतो. ऐकणाऱ्यांना यातलं एकच काहीतरी हवं असतं. मला ते जमत नाही, आणि त्याची मला खंतही नाही.

निकालानंतर मुलीची आई माझ्याकडे आली. पंचांना खोटं बोलण्यासाठी ठाण्यातून फोन आला होता आणि खरं सांगायला मीच सांगितलं होतं, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. ती रडली नाही. "मला त्यांच्या घरी न्या," एवढंच म्हणाली.

पंच निवृत्त झाले, पण पत्नी अजून सरकारी नोकरीत असल्याने ते आर. के. पुरमच्या सरकारी घरातच राहतात. जिन्याखाली त्यांची स्कूटर उभी होती. तिच्या पुढच्या पत्र्यावर कोणीतरी पांढऱ्या खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बिकाऊ'. वर गेल्यावर ते हात जोडून उभे राहिले.

"ताई, मी ती मोहर परत द्यायला नको होती."

"तुम्हाला खोटं बोला म्हणून सांगितलं होतं, ना?"

"हो."

"मग का नाही बोललात? कोणाला कळणार होतं?"

"शपथ घेतली होती हो ताई. आणि तुम्ही समोर बसला होता."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, यांना पद्धत माहीत नव्हती. तुमच्या मुन्शीला माहीत होती. त्याने ती का घेतली?"

गुन्हेगार शोधण्यात आम्ही हुशार असतो, पण आपल्याच खोलीतल्या साध्या कामाकडे कोणाचं लक्ष नसतं. हे मला त्या केसने शिकवलं, आणि शिकवलं ते तिच्या तोंडून. आता ठाण्यातल्या नव्या मुलांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी चौकशीच्या गोष्टी सांगत नाही, मोहरेची सांगतो.

चहा झाल्यावर तिने वहिनींकडे ओलं फडकं मागितलं. कशाला ते कोणी विचारलं नाही. ती खाली गेली, स्कूटरपुढे वाकली आणि ती अक्षरं पुसू लागली.

"माझ्या मुलीच्या केसमध्ये हा एक माणूस खरं बोलला," ती पुसतापुसता म्हणाली. "त्याच्या गाडीवर हे नको."

खडूचा पांढरा ओघळ पत्र्यावरून खाली उतरत होता. मी खिशातून रुमाल काढला आणि तिच्या शेजारी वाकून तो ओघळ पुसला.