उपसलेली विहीर

नामा, आपण पुसेगाव सोडलं तेव्हा तू आईच्या कडेवर होतास. त्यामुळे तुला त्या दिवसांबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं आईच्या तोंडचं. आता माझ्या तोंडचं ऐक.

रझाकारांच्या धास्तीनं निम्मं गाव मोगलाई सोडून वऱ्हाडात निघालं होतं. आईनं चूल विझवली, गाईचं दावं सोडलं आणि बैलगाडीत बसताना मला बजावलं, "तिकडं कुनी ग्वाड बोललं की आदी इचार करायचा, काहून बोलून राहिलं म्हनून." मी चौदा वर्षांची होते. नवरा वर्षापूर्वीच पटकीनं गेला होता. माझ्याशी गोड बोलणारं तसंही कुणी उरलं नव्हतं.

वाशीमच्या अलीकडे एका ख्रिस्ती शाळेत आपल्याला आसरा मिळाला. शाळा रूथबाई चालवायची. वऱ्हाडातलीच बाई, पांढरं लुगडं, पायांत चपला. तिनं खोल्या दिल्या, ज्वारी दिली आणि बदल्यात काहीच मागितलं नाही. तिथंच आईचा संशय पक्का झाला. ही बाटवायला टपलीय, हिनं विहिरीत पाव टाकला असणार, ते पाणी पोटात गेलं की संपलं. संध्याकाळपर्यंत गावच्या सगळ्या बायांना ते पटलं. मलाही. दारातली विहीर सोडून आम्ही ओढ्याचं पाणी आणू लागलो. त्याच ओढ्यात म्हशी डुंबायच्या.

तुला जुलाब सुरू झाले. डोळे खोल गेले, रडणंही थांबलं. रूथबाई दारात आली तेव्हा वाटलं, आता ही उपदेश करणार. ती दादांना, आपल्या वडलांना, एवढंच म्हणाली, "भाऊ, विहीर तुमीच उपसून टाका. नवं पानी आलं का तेच प्या. मी तिकडे पाय नाही ठेवत. माह्यं पानी वढ्यावरून आनीन."

"काहून?" आईनं आतूनच विचारलं. "तुमचा काय फायदा त्याच्यात?"

"येशूनं चेल्याइचे पाय धुतले, माय. मले तं निस्तं वढ्यावर जा लागते."

आईला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. फायदा नाही म्हणणारा माणूस तिला सगळ्यात जास्त लबाड वाटायचा.

तरी पुरुषांनी दिवसभर विहीर उपसली. दादा गाळात हात घालून पाव चाचपत होते. निघाल्या त्या फुटक्या घागरीच्या खापऱ्या. सकाळी झऱ्यांचं नवं पाणी साचलं. रूथबाईनं लांबून सांगितलं तसं आईनं ते उकळलं, मीठ घालून पेज केली, तुला थेंब थेंब पाजली आणि हा आपल्या माहेरचा उपाय असल्याचं सगळ्यांना सांगून टाकलं. दोन दिवसांनी तू भोकाड पसरलंस. मी भिंतीला टेकून रडले.

रूथबाई मात्र ओढ्यावरच जात राहिली. मी तिच्यावर पाळत ठेवून होते. आज ना उद्या ही काहीतरी मागेल, मग हिचं सोंग उघडं पडेल. तिनं काही मागितलं नाही. एके दिवशी मीच तिच्या हातातली घागर घेतली.

पोलीस ॲक्शन झाली, गाव परत निघालं. गाड्या जुंपल्यावर मी म्हणाले, मी येत नाही, इथंच शिकते. आई रूथबाईकडे बोट करून ओरडली, "बगा, शेवटी मागितलंच हिनं! लेकरू दिलं आन् पोरगी घेतली!"

रूथबाई घाबरली. "पोरी, मायसंगं जाय," म्हणाली. मी गेले नाही.

पुढं मी आपणहून ख्रिस्ती झाले. त्या 'आपणहून'वर आईचा अजून विश्वास नाही. आता रूथबाई नाही, शाळा मी बघते. पाय धुतल्याची गोष्ट मुलांना सांगते, पण तेवढ्यानं भागत नाही. दोन बाया भांडल्या की एकीला दुसरीच्या आजारी सासूकडे पेज देऊन पाठवते. त्याही माझ्याकडे आईच्याच नजरेनं बघतात: हिचा काय फायदा?

मी घरी आले की आई मला पाणी वेगळ्या तांब्यात देते. ते मला फार झोंबायचं. पण परवा तू इथं आलास आणि जेवता जेवता सहज बोलून गेलास, की मी नसले तरी आई तो तांब्या रोज चिंचेनं घासते, आणि दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नाही.

घर म्हटलं की आता मला तेवढंच दिसतं. तिला सांग, मी येतेय.