आईचं नाणं पाण्यात तोललं तेव्हा

वडनेरहून भावाचा फोन आला, आई धड जेवत नाही म्हणून. कारण ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. शाळेत रजा टाकली आणि आर्वीहून मिळेल ती एसटी पकडली.

आईनं कितीतरी वर्षांपूर्वी शिवणकामाच्या पैशातून नागपुरात चांदीचं एक भलंमोठं नाणं घेतलं होतं. पुरीएवढं रुंद, भाकरीएवढं जाड. वर लक्ष्मी, खाली पाचशे ग्रॅम आणि ९९९ असा ठसा. गेल्या वर्षी आईच्या कमरेचं हाड मोडलं, तेव्हा वहिनीनं तिचं सगळं अंथरुणातच केलं, तोंड वाकडं न करता. म्हणून आईनं ते नाणं चार पाहुण्यांसमोर मानानं वहिनीच्या ओटीत घातलं. आणि त्याच पाहुण्यांतल्या आत्याच्या जावयानं, त्याला कोणी विचारलं नसताना, मोबाइलच्या कव्हरचं चुंबक नाण्याला मागून लावून पाहिलं. टक्कन चिकटलं. मग चांदीला चुंबक चिकटत नाही, हे त्या दीडशहाण्यानं घरभर समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, जाऊ द्या, देणाऱ्याचा भाव पाहावा. झालं! सुनेनं एवढं केलं आणि सासूनं तिला गिलेट दिलं, असंच सून समजत असणार, हा किडा आईच्या डोक्यात शिरला तो निघेचना. वहिनीकडे ती नजर वर करून पाहतही नव्हती.

मी घरात पाय ठेवला तो भांडायच्या तयारीनंच. नाणं मागितलं. आईनं ते लाल कापडात शिवून ठेवलेलं, लक्ष्मीपुरती समोरून खिडकी, मागून बंद. मी म्हटलं, उसवा. आई नको नको म्हणत होती, पण मी कुणाचं ऐकते! वहिनीची कात्री घेतली आणि टाके कापले. नाण्यामागून लोखंडाचा एक गंजका तुकडा टणकन फरशीवर पडला. घोड्याच्या नालेचा.

आईनं कपाळावर हात मारला. "अवं माय, हे तं मीच शिवलं होतं. नजर लागू नाई म्हणून."

आमच्याकडे बाळाच्या उशाशी लोखंड, नव्या घराच्या दाराला लोखंड. बाईनं लक्ष्मीलाही सोडलं नव्हतं, आणि वर साफ विसरून गेली होती! भावानं उघड्या नाण्यावर चुंबक फिरवलं, ते खाली घसरलं. भाऊ तर आत्याला फोनच लावायला निघाला.

मी त्याला थांबवलं. विज्ञान शिकवते मी, अर्ध्या पुराव्यावर कशी नाचू? चुंबक तांब्यालाही चिकटत नाही, शिशालाही नाही. म्हटलं, आज दूध का दूध अन् पानी का पानी. भावाच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रिक काटा स्वयंपाकघरात आणला. नुसतं नाणं ठेवलं, बरोबर पाचशे. मग काट्यावर पाण्यानं पाऊण भरलेलं गंज, म्हणजे पातेलं, ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि नाणं शिवणाच्या दोऱ्यानं बांधलं. ते पाण्यात अधांतरी सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. नाणं जेवढं पाणी बाजूला सारेल, तेवढे ग्रॅम काटा दाखवणार. चांदी असेल तर अठ्ठेचाळीसच्या आसपास. तांबं असेल तर छप्पन्न, आत शिसं भरलेलं असेल तर चव्वेचाळीस. हे मी आधीच मोठ्यानं सांगून ठेवलं, नाहीतर मागून म्हणतील, हिनं आकडे जुळवले.

दोरा धरून नाणं पाण्यात सोडलं. छप्पन्न आले तर आईला काय तोंड दाखवू? आकडे पळाले. एकावन्न, सेहेचाळीस, पुन्हा पन्नास. भाऊ म्हणाला, हात हलवून राह्यली तू. मी कोपर ओट्यावर टेकवलं, श्वास धरला. आकडा थांबला. अठ्ठेचाळीस!

मी ओरडलेच. भावानं मला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. अंगावर सर्रकन काटा आला, खरंच सांगते, एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. त्याच भरात मी म्हटलं, उद्या हिंगणघाटच्या सराफाकडे जाऊ, त्याच्या मशीनवर दाखवू, तो किती टक्के चांदी ते कागदावर लिहून देईल. म्हणजे आत्याच्या जावयाचं तोंड कायमचं बंद.

आई खुर्चीतून वहिनीकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

"कागद तुह्याजवळच ठेवजो बाई. म्हणजे तुले पटन."

वहिनी ओल्या नाण्याला पदरानं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कागद नाई पाह्यजे, आई. सारे खोटं म्हणून राह्यले होते, तवाही मी रोज त्याले कुंकू लावलं."

 आईनं हात पुढे केला आणि वहिनीला जवळ बसवून घेतलं.